कोलोरॅडोतलं म्यूल डिअर: कळपाचे आकडे कसे वाचायचे आणि शिकारीचा परवाना कसा ठरतो

डेन्व्हर, बोल्डर, फोर्ट कॉलिन्स या पट्ट्यात नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच वर्षी एक गोष्ट खटकते. घरामागच्या टेकडीवर हरणं बिनधास्त चरत असतात. आणि ज्या सरकारी खात्यावर ती जपायची जबाबदारी आहे, तेच खातं दर शरद ऋतूत त्यांच्या शिकारीचे हजारो परवाने देतं. आपण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या देशातून आलेले. चितळाला किंवा सांबराला गोळी घालणारा थेट गुन्हेगार, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे इथला कारभार समजेपर्यंत मन जरा अस्वस्थच राहतं.

तो कारभार पायरीपायरीने समजून घ्यायचा असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्हाला शिकार करायची असो वा नसो, पहिल्या पाच पायऱ्या दोघांनाही सारख्याच लागू आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या हरणांची संख्या मुख्यतः ठरते ती माद्यांना मिळणाऱ्या चाऱ्यावर आणि पाडसांच्या पहिल्या हिवाळ्यावर. शिकारीचे परवाने त्याच्या मागून येतात. हा क्रम डोक्यात बसला की बाकीचे वाद समजायला सोपे जातात.

पायरी 1: प्राणी नीट ओळखा

कोलोरॅडोत दोन जातींची हरणं आहेत. डोंगरात आणि रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर म्यूल डिअर. पूर्वेच्या मैदानात, नदीकाठच्या झाडीत व्हाइटटेलही. म्यूल डिअरचे कान मोठे, खेचरासारखे. शेपटी बारीक, दोरीसारखी, टोकाला काळी. नराचं शिंग आधी दोन फाट्यांत फुटतं आणि मग प्रत्येक फाटा पुन्हा फुटतो. व्हाइटटेलच्या शिंगाचा एकच मुख्य दांडा असतो आणि त्यावरून टोकं वर निघतात. बिचकलं की म्यूल डिअर चारही पाय एकदम उचलून उसळ्या मारत चढावर निघतं. एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही. शिंगं सांबरासारखीच दर वर्षी गळतात आणि नवी येतात. हे लक्षात ठेवा, मोजणीच्या वेळी कामी येईल.

पायरी 2: तुमचा कळप कोणता ते शोधा

इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण नकाशे दोन आहेत. राज्याच्या वन्यजीव खात्याचं नाव कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ. सगळे सीपीडब्ल्यू म्हणतात. 2011 साली वन्यजीव आणि राज्य उद्यानं ही दोन खाती एकत्र करून ते झालं. शिकारीचा परवाना मिळतो तो ‘युनिट’चा: रस्ते, नद्या, डोंगरधारा यांनी आखलेल्या तुकड्याचा. पण हरीण युनिटची हद्द पाळत नाही. उन्हाळ्यात ते उंचावर असतं, बर्फ पडू लागला की खाली सेजब्रश या कोरड्या भागातल्या झुडपांच्या पट्ट्यात उतरतं. म्हणून अशी अनेक युनिटं एकत्र करून एका कळपाचं क्षेत्र मानतात. त्याला डीएयू (डेटा अ‍ॅनालिसिस युनिट) म्हणतात आणि हरणांच्या प्रत्येक डीएयूला डी-1, डी-2 असा क्रमांक असतो. क्रेमलिंगच्या आसपासचा मिडल पार्क कळप डी-9, वायव्येचा बेअर्स इअर्स डी-2, आणि त्याच्या दक्षिणेचा व्हाइट रिव्हर डी-7. हा शेवटचा राज्यातल्या सर्वांत मोठ्या कळपांपैकी एक.

खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक डीएयूचा ‘हर्ड मॅनेजमेंट प्लॅन’ असतो. साधारण दहा वर्षांसाठी केलेला हा आराखडा आहे. तुम्ही राहता किंवा फिरायला जाता तिथला आराखडा उतरवून घ्या आणि आधी त्यातले आलेख बघा.

पायरी 3: मोजणी कशी होते ते समजून घ्या

लाखो हरणं एकेक करून कोणी मोजत नाही. शिकारीचा हंगाम संपल्यावर, साधारण डिसेंबरात, खात्याची माणसं हेलिकॉप्टरमधून हिवाळी चराईच्या पट्ट्यांवर फिरतात आणि दिसलेल्या कळपांत नर किती, माद्या किती, पाडसं किती याची नोंद करतात. वेळ विचार करून निवडलेली आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून माजाचा काळ असतो, त्यामुळे एरवी वेगळे राहणारे नर माद्यांमध्ये मिसळलेले असतात. खाली बर्फ असल्याने हरीण चटकन दिसतं. आणि शिंगं अजून गळालेली नसतात. जानेवारीनंतर ती गळू लागली की वरून नर कोण, मादी कोण, हे सांगणं कठीण होतं.

याच्या जोडीला काही माद्यांच्या आणि पाडसांच्या गळ्यात रेडिओ किंवा जीपीएस कॉलर असते. कॉलर बराच वेळ हलली नाही की संदेश जातो, माणूस जागेवर पोहोचतो, आणि हरीण उपासमारीने मेलं, सिंहाने (इथला माउंटन लायन, म्हणजे प्यूमा) मारलं, की गाडीने, हे तपासतो. तिसरी माहिती शिकाऱ्यांकडून येते: किती जणांना हरीण मिळालं, कोणतं, कुठे. या तिन्हींवरून एक गणिती प्रारूप कळपाचा अंदाज काढतं.

म्हणजे अहवालात दिसणारी संख्या अंदाज असते. एका वर्षी ती थोडी वर किंवा खाली गेली म्हणून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. पाच-सात वर्षांची रेघ कुठे चालली आहे ते पाहा.

पायरी 4: तीन आकडे, आणि त्यांचं गणित

प्रत्येक अहवालात तीन आकडे शोधायचे: दर शंभर माद्यांमागे पाडसं, दर शंभर माद्यांमागे नर, आणि पाडसांचं हिवाळ्यातलं जगण्याचं प्रमाण. लोकांची नजर दुसऱ्या आकड्यावर जाते, कारण मोठ्या शिंगांचा नर सगळ्यांना हवा असतो. तुम्ही पहिला आणि तिसरा आधी बघा.

का, ते कागदावर मांडून दाखवतो. कोलोरॅडो, आयडाहो आणि मोंटाना या तीन राज्यांत कॉलर लावून केलेला एक मोठा अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढ माद्या वर्षभरात जगण्याचं प्रमाण सरासरी 85 टक्के आलं, आणि पाडसांचं हिवाळ्यातलं सरासरी 44 टक्के. माद्यांचा आकडा वर्षानुवर्षं फारसा हलत नाही. पाडसांचा मात्र एका हिवाळ्यातून दुसऱ्या हिवाळ्यात प्रचंड बदलतो.

आता शंभर माद्या धरा. वर्षात 15 मरणार. कळप आहे तेवढाच राहायचा तर 15 नव्या माद्या भरून निघायला हव्यात. पाडसांत निम्मी नर, निम्मी मादी, म्हणून 30 पाडसं हिवाळा पार करून जगली पाहिजेत. जगण्याचं प्रमाण 44 टक्के असेल तर डिसेंबरच्या मोजणीत शंभर माद्यांमागे सुमारे 68 पाडसं दिसायला हवीत. हिवाळा सौम्य असला आणि 60 टक्के जगली, तर 50 पाडसंही पुरतात. हिवाळा क्रूर ठरला आणि 25 टक्केच जगली, तर 120 लागतील. म्यूल डिअरची मादी बहुधा जुळ्यांना जन्म देते खरी, पण जूनमध्ये जन्मलेली बरीच पाडसं डिसेंबरपर्यंत टिकतच नाहीत. त्यामुळे 120 हा आकडा प्रत्यक्षात जवळजवळ अशक्य. अशा वर्षी कळप घटणारच, परवाने कितीही कमी करा.

तुमच्या कळपाचे आकडे घेऊन हे गणित स्वतः करून बघा, पाच मिनिटं लागतात. संध्याकाळी चहा घेत केलं तरी चालेल, पण कराच. कारण त्यानंतर ‘खात्याने परवाने वाटून हरणं संपवली’ किंवा ‘लांडगे-कोल्हे मारा, सगळं ठीक होईल’ अशी ठाम विधानं कानावर पडली की काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

पायरी 5: घट कशामुळे होते

राज्यात 2006 च्या सुमारास अंदाजे सहा लाख हरणं होती. 2013 पर्यंत आकडा चार लाखांच्या घरात आला. मधल्या 2007-08 च्या हिवाळ्यात गनिसन खोऱ्यात इतका बर्फ साचला की खात्याला हरणांना आपत्कालीन खाद्य पुरवावं लागलं. घट थांबेना म्हणून 2014 साली पश्चिम उताराच्या म्यूल डिअरसाठी स्वतंत्र धोरण आलं. पुढे 2022-23 चा हिवाळा वायव्य कोलोरॅडोला झोडपून गेला. शेजारच्या वायोमिंग राज्यातल्या वायोमिंग रेंज कळपात तर कॉलर लावलेली जवळजवळ सगळी पाडसं मेली आणि प्रौढ माद्यांपैकीही निम्म्याहून जास्त गेल्या. जिथे माद्यांचा आकडा सहसा हलत नाही, तिथे हे घडलं. त्यावरून त्या हिवाळ्याची कल्पना करा.

पण बर्फ हे शेवटचं कारण असतं. मूळ बऱ्याचदा आदल्या उन्हाळ्यात असतं. उंचावरच्या हिरव्या चाऱ्यावर मादी जी चरबी साठवते, तिच्यावर ती हिवाळा काढते आणि पोटातलं पाडसही वाढवते. खालच्या सेजब्रश, बिटरब्रशच्या पट्ट्यात खायला असतं, पण त्यात पोषण कमी. तिथे हरीण शिल्लक पुरवून पुरवून जगतं. दुष्काळी उन्हाळ्यानंतर माद्या हडकुळ्या राहिल्या, की मध्यम हिवाळाही भारी पडतो.

भक्षकांविषयी लोक तावातावाने बोलतात, म्हणून दोन अभ्यास माहीत हवेत. आग्नेय आयडाहोत अनेक वर्षं कायोटी (इथला कोल्ह्यासारखा प्राणी) आणि प्यूमा मारून पाहिले. कळपाच्या वाढीत फारसा फरक पडला नाही. उलट आपल्याच राज्यातल्या अनकंपाग्रे पठारावर भक्षकांना हात न लावता हिवाळ्यात हरणांना पोषक खाद्य दिलं, तर पाडसं जास्त जगली. अशक्त पाडस कायोटीने खाल्लं नसतं तरी बऱ्याचदा मार्चपर्यंत मेलंच असतं. असंच काहीसं दाटीबाबतही दिसलं. 1980 च्या दशकात पीअन्स खोऱ्यात कुंपण घातलेल्या कुरणांत कमी-जास्त दाटीने हरणं ठेवली होती. जिथे दाटी जास्त, तिथे पाडसं कमी जगली. जागेची जेवढी ताकद, तेवढीच हरणं ती पोसते.

म्हणूनच मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती हिवाळी पट्ट्यांची. बर्फ कमी, रस्ता जवळ, दरीतली सपाट जमीन: हरणांना नेमकी तीच जागा हवी असते आणि घरं बांधणाऱ्यांनाही. वायोमिंगमधल्या पाइनडेल अँटिक्लाइनवर नैसर्गिक वायूच्या विहिरी वाढत गेल्या. तिथल्या हरणांचा पंधरा वर्षं माग ठेवला तेव्हा संख्या सुमारे 36 टक्क्यांनी घटलेली आढळली आणि उरलेली हरणंही विहिरींपासून लांबच राहिली. त्यांना त्या गोंगाटाची सवय झाली नाही.

आशेची गोष्टही आहे. क्रेमलिंगच्या दक्षिणेला हायवे 9 वर दरवर्षी हिवाळ्यात हरणं गाड्यांखाली यायची. 2016 पर्यंत तिथे प्राण्यांसाठी दोन पूल आणि पाच भुयारी वाटा बांधल्या आणि कडेने उंच कुंपण घातलं. प्राण्यांच्या धडकेचे अपघात सुमारे 90 टक्क्यांनी कमी झाले. हरणं पुलावरून कशी जातात याची छायाचित्रं जरूर बघा.

पायरी 6: परवान्यांची संख्या कशी ठरते

कोलोरॅडोत 1999 पासून हरणांचे सगळे परवाने मर्यादित आहेत. दुकानात जाऊन हवा तेव्हा विकत घेता येत नाही, सोडतीतूनच मिळवावा लागतो. प्रत्येक कळपाच्या आराखड्यात दोन उद्दिष्टं असतात: एकूण संख्या किती हवी, आणि शंभर माद्यांमागे नर किती हवेत.

एक नर अनेक माद्यांशी जुगतो. त्यामुळे शंभर माद्यांमागे 25 नर असोत की 35, पाडसांची संख्या जवळपास तेवढीच राहते. नरांचे परवाने कमी केले की मोठे नर जास्त दिसतात, पण कळप वाढत नाही. संख्या खरोखर आवरायची असेल तर माद्यांचे परवाने द्यावे लागतात, आणि कळप खाली गेला की सर्वांत आधी तेच बंद होतात. एवढं समजलं तर इथल्या निम्म्या वादांचं मूळ सापडतं.

यात एक अवघड गाठ आहे: क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. 1967 साली फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात पाळलेल्या म्यूल डिअरमध्ये हा आजार प्रथम लक्षात आला. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे मेंदू पोखरला जातो. हरीण रोडावतं आणि मरतंच. लस नाही, औषध नाही. आता राज्यातल्या निम्म्याहून जास्त कळपांत तो आहे. नरांमध्ये, विशेषतः वयस्क नरांमध्ये, त्याचं प्रमाण माद्यांपेक्षा बरंच जास्त असतं. म्हणून प्रौढ नरांत लागण 5 टक्क्यांवर गेली की खातं उपाय सुरू करतं, आणि त्यातला एक म्हणजे नरांचे परवाने वाढवणं. मोठ्या शिंगांच्या नरासाठी वर्षानुवर्षं थांबलेल्या शिकाऱ्याला हे टोचतं. मला त्याचं दुःख कळतं, पण या बाबतीत माझा कौल खात्याच्या बाजूने आहे. आजार एकदा जमिनीत मुरला की प्रायॉन तिथे वर्षानुवर्षं टिकतात.

अंतिम संख्या राज्यपालांनी नेमलेला आयोग साधारण मे महिन्यात मंजूर करतो. 2023 च्या त्या हिवाळ्यानंतर वायव्येकडच्या परवान्यांना मोठी कात्री लागली ती अशीच.

पायरी 7: शिकार करायची असेल तर

पहिलं काम व्हिसाचं. एच-वन-बी, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हातात असेल तर त्याला अपवाद मिळतो. क्रम उलटा झाला, आधी बंदूक आणि मग परवाना, तर प्रकरण गंभीर होतं. मित्राची रायफल ‘जरा धरून बघतो’ म्हणण्याआधीसुद्धा हे ध्यानात ठेवा आणि वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

दुसरं, हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम. 1 जानेवारी 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो.

तिसरं, अर्ज. मुख्य सोडतीची मुदत साधारण एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते. अर्ज करण्याआधी पात्रतेसाठी एखादा लहान परवाना (उदाहरणार्थ छोट्या शिकारीचा) घ्यावा लागतो. अर्जात शिकारीचा कोड भरायचा असतो आणि तिथे माणसं चुकतात. समजा कोड आहे ‘डी-एम-021-ओ2-आर’. डी म्हणजे हरीण, एम म्हणजे नर, 021 हे युनिट, ओ2 म्हणजे दुसरा हंगाम, आर म्हणजे रायफल. एमच्या जागी एफ पडला तर मादीचा परवाना पदरात पडेल आणि तो बदलून मिळेलच असं नाही.

पहिली पसंती मिळाली नाही तर एक प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे पुढच्या सोडतीत प्राधान्य देणारा गुण, जमा होतो. पहिली पसंती मिळाली की साठवलेले पॉइंट शून्यावर येतात. दुसऱ्या पसंतीचा परवाना मिळाला तर पॉइंट शाबूत राहतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धातल्या चौथ्या हंगामात नर माजावर असतात, उघड्यावर फिरतात, सहज सापडतात. म्हणून त्या हंगामाचे परवाने थोडे आणि मागणी अफाट. नवख्याने तिथे वर्षं घालवू नयेत. दुसरा किंवा तिसरा हंगाम आणि फारशी मागणी नसलेलं युनिट बघा, किंवा कळप उद्दिष्टाच्या वर असलेल्या ठिकाणी मादीचा परवाना मागा. शिकायला तोच उत्तम, आणि मांसही कोवळं. नियमांची पुस्तिका दर वर्षी बदलते. गेल्या वर्षीची वापरू नका.

रायफलच्या हंगामात कमरेच्या वर किमान 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढीच वेळ.

हरीण पडल्यावर नर की मादी याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. खाण्याजोगं मांस जंगलात टाकून यायचं नाही. चारही तंगड्या, पाठीचं मांस, आतलं मऊ मांस, सगळं आणावं लागतं. मला या कायद्याचा हा भाग फार योग्य वाटतो. काही युनिटांत डोकं तपासणीला देणं सक्तीचं असतं. नसलं तरी द्या. माणसाला हा आजार झाल्याची नोंद आजवर नाही, तरीही लागण झालेल्या हरणाचं मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा आणि वाटून टाकू नका.

पायरी 8: शिकार करायची नसेल तर

1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. परवान्यांची रक्कमही तिथेच. पण निर्णयात बोलायला परवाना लागत नाही. कळपाचा आराखडा नव्याने करायचा झाला की खातं मसुदा लोकांसमोर ठेवतं. त्यावर मोघम लिहू नका. डीएयूचा क्रमांक घाला, पाडसांच्या प्रमाणाचा उल्लेख करा, हिवाळी पट्ट्यातल्या कोणत्या वाटेवर काय दिसलं ते लिहा. काउंटीच्या नियोजन मंडळात नव्या वसाहतीचा प्रस्ताव आला तर तिथेही हेच बोला. हरणांच्या दृष्टीने ती बैठक शिकारीच्या आयोगापेक्षा कमी महत्त्वाची नाही.

रोजच्या वागण्यात: हिवाळ्यात बंद केलेल्या पायवाटांवर जाऊ नका आणि कुत्रा मोकळा सोडू नका. प्रत्येक पळण्यात हरणाची चरबी जळते. गळालेली शिंगं गोळा करायचा नाद लागला असेल तर हायवे आय-25 च्या पश्चिमेला सार्वजनिक जमिनीवर 1 जानेवारी ते 30 एप्रिल बंदी आहे. आणि अंगणात आलेल्या हरणाला पोळी, मका, सफरचंद काहीही घालू नका. हेतू चांगला असला तरी इथे तो गुन्हा आहे. हिवाळ्यात त्याच्या पोटातले जिवाणू काटक्या-झुडपं पचवायला जुळलेले असतात. अचानक धान्य पडलं की पोट भरलेलं असतानाही ते दगावू शकतं. शिवाय एका जागी हरणं जमली की आजार पसरतो आणि मागोमाग प्यूमा वस्तीत येतो.